लांचलुचपत आणि लोकांचें सुख

आयुष्याचीं चौतीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला. या काळांत विद्यार्थ्यांनीं मला पुष्कळ प्रश्न विचारले. बहुतेकांचीं उत्तरें पुस्तकांत सांपडत. एका प्रश्नाचें उत्तर मात्र सांपडलें नाहीं, आणि तोच प्रश्न आजवर माझ्या मनांत सलत राहिला आहे.

गोष्ट १९९२ सालची. शाळा नगरपालिकेची, पावसाळ्यांत तिचें छप्पर गळे आणि एका बांकावर तिघांऐवजीं पांच मुलें बसत. नववीच्या वर्गांत ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील कारभाराचा पाठ चालला होता. कंपनीचे नोकर नजराणे घेत, लांच खात, हें सांगून मीं नेहमींप्रमाणें चार उपदेशाचीं वाक्यें जोडलीं. तेव्हां मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील मालमोटार चालवीत. तो म्हणाला, "गुरुजी, माझे बाबा जकात नाक्यावर चहापाण्याचे पैसे देतात. मग माल न तपासतां गाडी सोडतात. बाबा लवकर घरीं येतात. शेटजींचा पैसा वाचतो, नाकेदारहि खूष. मग यांत वाईट कोणाचें झालें?"

वर्ग हंसला. लांच देणें आणि घेणें हीं दोन्ही पापेंच, असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. तो बसला; पण त्याचें समाधान झालें नाहीं हें त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें, आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नव्हतें.

निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली तेव्हां ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न मोठमोठ्या पंडितांनींहि विचारला आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्यासाठीं अर्थशास्त्रज्ञांनीं गेलीं साठ वर्षें देशोदेशीं परिश्रम केले आहेत. त्या मुलाला द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर आज आपणांपुढें मांडावें, असा विचार आहे.

प्रारंभ आपल्याच एका प्राचीन ग्रंथापासून करूं. कौटिल्याचें 'अर्थशास्त्र' कित्येक शतकें बहुतेक विद्वानांना केवळ नांवानेंच ठाऊक होतें. म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहांत त्याचें हस्तलिखित आर. शामशास्त्री यांच्या हातीं आलें आणि १९०९ सालीं तें छापून निघालें. पुढें १९६० ते १९६५ या काळांत मुंबई विद्यापीठानें रा. प. कंगले यांची तीन भागांची संशोधित आवृत्ति प्रसिद्ध केली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांत सरकारी द्रव्य गिळंकृत करण्याच्या चाळीस तऱ्हा मोजून दाखविल्या आहेत. आधीं वसूल झालेलें मागाहून जमा दाखविणें, वसूल झालेलें न झालेलें म्हणून लिहिणें, वजनांत व मापांत फरक करणें, अशी ती यादी आहे. आजच्या एखाद्या हिशेबतपासनिसालाहि ती परकी वाटणार नाहीं. जिभेवर ठेवलेला मध चाखल्यावांचून राहवत नाहीं, आणि पाण्यांत फिरणारा मासा पाणी केव्हां पितो हें कोणाला कळत नाहीं, हे त्याचे दृष्टान्त तर प्रसिद्धच आहेत.

हे दृष्टान्त सांगून लोक बहुधा थांबतात. मला स्वतःला त्यांच्या पुढचा मजकूर अधिक मोलाचा वाटतो. अधिकारी एकाच जागीं कायम ठेवूं नयेत, एका खात्यावर अनेक प्रमुख नेमावेत, अपहार उघडकीस आणणाऱ्यास सिद्ध झालेल्या रकमेचा सहावा हिस्सा द्यावा, व सूचना देणारा स्वतः नोकर असल्यास बारावा, असे नियम कौटिल्यानें घालून दिले आहेत. आणि त्यांच्या जोडीला एक अपूर्व नियम आहे. अधिकाऱ्यावर संशय आल्यास मुलुखांत दवंडी पिटावी कीं, या मनुष्याकडून ज्यांना उपद्रव पोंचला असेल त्यांनीं येऊन सांगावें. आणि जे येऊन सांगतील त्यांना झालेल्या नुकसानीप्रमाणें भरपाई करून द्यावी.

यांतील मर्म पाहा. राजाचा खजिना हा एक पक्ष, पैसे खाणारा अधिकारी हा दुसरा पक्ष. पण उपद्रव पोंचलेला, गप्प बसलेला, ज्याला सहसा कोणी विचारीत नाहीं असा एक तिसरा माणूसहि आहे, हें कौटिल्यानें ओळखलें होतें. आजच्या भाषणांत या तिसऱ्या माणसाला आपण नजरेआड होऊं देऊं नये.

आतां बंगालकडे वळूं. अठराव्या शतकाच्या आरंभीं कंपनीच्या कनिष्ठ कारकुनास वर्षाला अवघे पांच पौंड पगार मिळे. एवढ्यावर कोणी सातासमुद्रापलीकडे येत नसतो. तो येई तो खासगी व्यापारासाठीं. १७१७ सालीं बादशहा फर्रुखसियर यानें कंपनीच्या मालाला जकात माफ करणारें फर्मान दिलें. त्या मालाबरोबर जो परवाना असे त्याला 'दस्तक' म्हणत. ही सवलत कंपनीच्या व्यापारापुरती होती. परंतु कंपनीचे नोकर आपल्या खासगी मालालाहि दस्तक लावूं लागले, आणि पुढें तर त्यांचे गुमास्तेहि त्याच जोरावर जकात चुकवूं लागले. विकणारा आणि विकत घेणारा दोघेहि संतुष्ट. तोट्यांत आला तो दस्तक नसलेला बंगाली व्यापारी. तो पुरी जकात भरी, आणि बाजारांत त्याचा माल महाग पडे.

प्लासीच्या लढाईनंतर, म्हणजे १७५७ पासून, हा प्रकार अनावर झाला. नबाब मीर कासीम यानें तक्रारी करून पाहिल्या. त्या कोणीं ऐकल्या नाहींत. शेवटीं १७६३ सालीं त्यानें सर्वच व्यापाऱ्यांची अंतर्गत जकात रद्द करून टाकली, म्हणजे सारे एका पातळीवर यावेत. यांत कंपनीच्या नोकरांचें खिशांतलें कांहीं जात नव्हतें. जात होती ती दुसऱ्यावरची सरशी. तेवढ्यासाठीं त्यांनीं युद्ध पुकारलें, आणि त्याची परिणति १७६४ च्या ऑक्टोबरांत बक्सारच्या रणांगणावर झाली. पुढच्याच वर्षीं बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी कंपनीच्या हातीं आली. त्या आठनऊ वर्षांत कंपनीच्या माणसांनीं बंगालच्या नबाबांकडून व सरदारांकडून जे नजराणे उपटले, त्यांची बेरीज ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीनें पुढें मांडली, ती वीस लाख पौंडांहून अधिक भरली. क्लाइव्हनें तर समितीपुढें सांगितलें कीं, मीं इतकें थोडें घेतलें याचें मलाच आश्चर्य वाटतें!

यानंतर १७६९-७० चा भयंकर दुष्काळ आला. पाऊस पडला नाहीं हें खरें. तो दोष कोणाचाच नव्हता. परंतु त्या काळांत सारा कसा वसूल झाला तें ऐकण्यासारखें आहे. वॉरन हेस्टिंग्जनें १७७२ च्या नोव्हेंबरांत संचालकांना लिहिलेल्या पत्रांत, प्रांतांतील निदान एकतृतीयांश लोक मेले असा अंदाज दिला आहे. आणि त्याच पत्रांत १७७१ चा वसूल १७६८ च्याहूनहि अधिक झाल्याचें नमूद केलें आहे. तो इतका कसा झाला, याचें एक कारणहि तेथेंच सांपडतें. 'नाजाई' म्हणून एक पट्टी होती. जे मेले अथवा पळून गेले त्यांची तूट मागें राहिलेल्या शेजाऱ्यांनीं भरून द्यावयाची! वरच्यांनीं काय केलें याचा हिशेब खालच्या माणसाला मागतां येत नसेल, तर तिसऱ्या माणसाची काय गत होते, याचें याहून कठोर उदाहरण मला ठाऊक नाहीं.

विलायतेंत गवगवा झाला. १७७३ च्या कायद्यानें नजराण्यांवर बंदी आली. हेस्टिंग्जवरील प्रसिद्ध महाभियोग १७८८ सालीं सुरू होऊन १७९५ सालीं त्याच्या निर्दोष सुटकेनें संपला. पण खरा फरक पडला तो लॉर्ड कॉर्नवॉलिसमुळें. १७८६ सालीं येतांच त्यानें रोगाचें मूळ पगारांत पाहिलें. कलेक्टरला दरमहा दीड हजार रुपये आणि वसुलावर सुमारें शेंकडा एक रुपया असें वेतन ठरवून त्यानें त्याचा खासगी व्यापार बंद केला. त्यामुळें वरच्या अधिकाऱ्यांतील उघड लुटालूट पुष्कळच आटोक्यांत आली.

एका पिढींत इतकी सुधारणा होऊं शकते, हा या प्रकरणांतील आशेचा भाग आहे. मात्र त्यांत दोन उणीवा राहिल्या. एक अशी कीं, पगार वाढले ते गोऱ्या अधिकाऱ्यांचे. ज्या एतद्देशीय दरोग्याशीं आणि कारकुनाशीं रयतेचा रोजचा संबंध येई, तो तुटपुंज्या वेतनावरच राहिला. वरच्या जागांचे दरवाजेहि त्याला बंद झाले. खालची लांच तशीच चालू राहिली. दुसरी उणीव याहून मोठी. कारभाराचा हिशेब कलकत्त्याहून लंडनला जाई. ज्याच्या शेतांतून पैसा निघे, त्या रयतेला तो कधींच दाखविला जात नसे. कौटिल्याची दवंडी कॉर्नवॉलिसनें पिटली नाहीं.

आतां आपल्या काळांत येऊं. १९६४ सालीं नॅथॅनियल लेफ या अमेरिकन विद्वानानें, आणि १९६८ सालीं सॅम्युएल हंटिंग्टन यानें, माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न गंभीरपणें पुढें मांडला. सरकारी नियम अडगळीचे असतील आणि कचेऱ्या सुस्त असतील, तर थोडी लांच ही चाकाला घातलेल्या वंगणासारखी उपयोगी पडते, असा त्या युक्तिवादाचा सारांश. वरवर पाहतां तो पटतोहि. गाडी सुटते, काम होतें, व्यापार चालतो.

पण याच सुमारास आपल्या देशांत एक अहवाल तयार होत होता. भारत सरकारनें १९६२ सालीं के. संथानम यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९६४ सालीं तो सादर केला. त्याच वर्षीं केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. काम लवकर व्हावें म्हणून जी चिरीमिरी दिली जाते, तीच विलंबाचें एक मोठें कारण होऊन बसली आहे, असें या समितीनें दाखवून दिलें. स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांनीं १९६८ सालच्या आपल्या 'एशियन ड्रामा' या ग्रंथांत हा मुद्दा उचलून धरला. विचार सरळ आहे. अडवल्यानें पैसे मिळतात असें एकदां कळलें, कीं कोणता कारकून आपण होऊन वाट मोकळी ठेवील? वंगण विकणारालाच चाक गंजलेलें हवें असतें.

१९९९ सालीं डॅनियल कॉफमन व शांग-जिन वे यांनीं निरनिराळ्या देशांतील व्यापारी पेढ्यांची माहिती तपासून पाहिली. ज्या पेढ्या अधिक लांच देतात त्यांचा अधिकाऱ्यांशीं हुज्जत घालण्यांतला वेळ वाचत असेल, अशी अपेक्षा. आढळलें उलटच, त्यांचा वेळ अधिक जात होता. त्यापूर्वीं १९९५ सालीं पावलो मॉरो यांनीं अनेक राष्ट्रांची तुलना करून, जेथें भ्रष्टाचार अधिक तेथें नव्या उद्योगांत भांडवल कमी गुंततें व संपत्तीची वाढ मंदावते, असें दाखविलें होतें. १९९८ सालच्या त्यांच्या दुसऱ्या निबंधानें तर माझ्यासारख्या शिक्षकाचें लक्ष विशेष वेधलें. भ्रष्ट राज्यांत शिक्षणावरचा खर्च कमी असतो, असें त्यांत आहे. कारण उघड आहे. मोठ्या बांधकामाच्या मक्त्यांत जितकें कापून घेतां येतें, तितकें खडू, पुस्तकें आणि मास्तरांचे पगार यांत येत नाहीं!

या राष्ट्रतुलनेवर एक आक्षेप राहतोच. लांचेमुळें दारिद्र्य येतें कीं दारिद्र्यामुळें लांच? म्हणून पुढच्या संशोधकांनीं आकड्यांचीं कोष्टकें बाजूस ठेवून प्रत्यक्ष प्रयोग आरंभिले. त्यांतील एक प्रयोग आपल्या दिल्लींत झाला. मारियान बर्ट्रांड, सिमियन जांकोव्ह, रेमा हॅना व सेंधिल मुल्लयनाथन या चौघांनीं मोटार हांकण्याचा परवाना काढूं इच्छिणारे ८२२ उमेदवार घेऊन त्यांचे तीन गट केले. एका गटाला, लवकर परवाना आणल्यास बक्षीस. दुसऱ्या गटाला मोटार हांकण्याचे मोफत धडे. तिसऱ्याला कांहींच नाहीं. मग परवाना मिळालेल्यांची संशोधकांनीं स्वतः परीक्षा घेतली.

२००७ सालीं प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अंगावर कांटा आणणारे आहेत. तिसऱ्या गटांत परवाना मिळालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ७१ जणांनीं सरकारी परीक्षा दिलीच नव्हती, आणि शेंकडा ६२ जणांना परवाना मिळाला त्या वेळीं नीट मोटार हांकतां येत नव्हती. बहुतेकांचें काम दलालामार्फत झालें होतें. ज्यांनीं मेहनतीनें धडे घेतले आणि दलालाशिवाय परीक्षा दिली, त्यांतील पुष्कळांना हुशारीचा विचार न करतां नापास केलें गेलें. कारण नापास झालेला मनुष्य दुसऱ्या खेपेस दलालाकडे जातो. येथें उमेदवार खूष, दलाल खूष, अधिकारी खूष. वाईट कोणाचें झालें? त्या संध्याकाळीं मुलाचा हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या आईचें. तिनें लांच दिली नाहीं, घेतली नाहीं, आणि असा कांहीं व्यवहार झाला हें तिच्या गांवींहि नाहीं.

आतां उपायांकडे वळतों, आणि त्यासाठीं आपणांस आफ्रिकेंतील युगांडा देशांत नेतों; कारण ही हकीकत शाळांची आहे. तेथील सरकार प्राथमिक शाळांना मुलांच्या संख्येप्रमाणें अनुदान देई. रित्वा राइनिका व याकोब स्वेन्सन या दोघांनीं शाळाशाळांच्या वह्या तपासल्या. १९९१ ते १९९५ या काळांत सरकारनें पाठविलेल्या दर शंभरांतून सरासरी अवघे तेरा शाळेपर्यंत पोंचत होते. बाकीचे मधल्या जिल्हा कचेऱ्यांत जिरत होते. मुख्याध्यापकांना आपल्या नांवें किती रक्कम निघाली हेंच ठाऊक नव्हतें, मग तक्रार कोण करणार? पुढें सरकारनें कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठविले याचे आंकडे वर्तमानपत्रांत छापावयास आरंभ केला, आणि शाळांनींहि आपल्या भिंतीवर तसे फलक लावावेत असा दंडक घातला. २००१ पर्यंत शंभरांतून ऐंशींहून अधिक शाळेंत पोंचूं लागले. त्याच काळांत तेथें इतर सुधारणाहि झाल्या, म्हणून सारें श्रेय वर्तमानपत्रांना देऊं नये, असें कांहीं अभ्यासक म्हणतात. तें रास्तच आहे. तरी ज्या मुख्याध्यापकाच्या हातीं आंकडा आला त्याला भांडावयास आधार मिळाला, एवढें निश्चित.

आपल्याकडे राजस्थानांतील मजुरांनीं हीच वाट स्वतः शोधून काढली. १९९० सालीं स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ति संघटनेनें १९९४ पासून गांवोगांव जाहीर सुनावण्या भरविल्या. सरकारी कामाचे हजेरीपट चारचौघांत मोठ्यानें वाचले जात, आणि कामावर कधींच न गेलेल्यांचीं, क्वचित् मृतांचींहि नांवें त्यांत निघत. या चळवळीच्या आणि इतरत्र झालेल्या अशाच खटपटींच्या पोटीं माहितीच्या अधिकाराचे कायदे झाले. आपल्या महाराष्ट्रांत २००२ सालीं असा कायदा झाला, व २००५ सालीं तो देशपातळीवर झाला. कौटिल्याची दवंडी कायद्याच्या पुस्तकांत यावयास दोन हजार वर्षें लागलीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

मात्र नुसती दवंडी पुरत नाहीं. बेंजामिन ओल्केन यांनीं इंडोनेशियांतील सहाशेंहून अधिक गांवांच्या रस्त्यांची पाहणी केली. रस्ता खणून त्यांत खडी किती, वाळू किती हें मोजलें, आणि कागदावरच्या खर्चाशीं ताडून पाहिलें. जेथें सरकारी हिशेबतपासणी खात्रीनें होणार असें आधीं कळविलें, तेथें गायब होणारी रक्कम एकूण खर्चाच्या शेंकडा आठांनीं घटली. जेथें केवळ गांवकऱ्यांच्या सभा भरविल्या, तेथें एकंदरींत फारसा फरक पडला नाहीं. उघडा हिशेब हवा, तो वाचणारा हवा, आणि चूक निघाल्यास जाब विचारणाराहि हवा. कॉर्नवॉलिसचा पगार, कौटिल्याची तपासणी आणि युगांडाचा फलक, हीं तिन्ही एकत्र आल्याखेरीज गाडा हालत नाहीं.

येथवर पैशांचा विचार झाला. पण मनुष्याचें सुख सर्वस्वी पैशांत मोजतां येत नाहीं. १९७४ सालीं रिचर्ड ईस्टर्लिन यांनीं दाखविलें कीं, देशाची संपत्ति वाढली म्हणून लोकांचें समाधान त्या मानानें वाढतेंच असें नाहीं. तेव्हांपासून समाधानाचेंच मोजमाप घेण्याचा प्रयत्न सुरू आहे. भूतानच्या पुढाकारानें संयुक्त राष्ट्रांनीं २०११ सालीं सुखासंबंधीं ठराव केला, आणि २०१२ पासून जागतिक सुखाचा अहवाल निघूं लागला. माणसाला विचारतात: एक शिडी कल्पा, सर्वांत वाईट आयुष्य पायथ्याशीं, सर्वांत चांगलें दहाव्या पायरीवर, तुम्ही कोठें उभे आहांत? या उत्तरांतील फरक उलगडण्यासाठीं अहवालकार सहा गोष्टी पाहतात: उत्पन्न, अडचणींत धांवून येणारें माणूस, आरोग्य, स्वातंत्र्य, औदार्य, आणि सहावी, आपल्या देशांत भ्रष्टाचार किती आहे अशी लोकांची समजूत. उत्पन्न सारखें असलें तरी ज्यांना आपला कारभार स्वच्छ वाटतो ते सामान्यतः अधिक समाधानी आढळतात. हा नुसता संबंध झाला. एक दुसऱ्याचें कारण आहे असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. पण अनुभवाला पटणारा तो आहे.

त्यांतील 'समजूत' हा शब्द महत्त्वाचा. सारेच खातात अशी लोकवार्ता पसरली कीं खाणें सोपें होतें, असा इशारा मिर्डाल यांनीं दिला होता. आणि ही लोकवार्ता खरी असतेच असेंहि नाहीं. २०१९ सालीं कांहीं संशोधकांनीं चाळीस देशांत सतरा हजारांवर पैशाचीं पाकिटें "सांपडलीं" म्हणून कचेऱ्यांतून व दुकानांतून नेऊन दिलीं आणि किती जण मूळ मालकास कळवितात तें पाहिलें. पाकिटांत पैसे असल्यास तीं कमी परत येतील असें सामान्य लोकांचें भाकीत. अडतीस देशांत रिकाम्यापेक्षां पैशांचीं पाकिटेंच अधिक परत आलीं. आपला शेजारी आपण समजतों त्यापेक्षां बराच प्रामाणिक असतो.

श्रोतेहो, आतां माझी स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावांचून हें भाषण संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. निवृत्त झालों तेव्हां माझ्या निवृत्तिवेतनाचे कागद एका कचेरींत सहा महिने अडकून पडले. पत्नीच्या शस्त्रक्रियेचा खर्च तोंडावर होता. ज्यानें चौतीस वर्षें मुलांना उपदेश केला, त्या मीं एके दिवशीं एक पाकीट टेबलाखालून पुढें सरकविलें. आठ दिवसांत काम झालें. बाहेर बांकावर एका शाळेच्या शिपायाची विधवा बसलेली होती. माझ्याहि आधींपासून ती खेपा घालीत होती. तिच्याजवळ द्यावयास कांहीं नव्हतें. माझा कागद वर गेला तेव्हां तिचा खालीं गेला, हें मला समजत होतें. तिनें मला पाहून नमस्कार केला आणि विचारलें, "गुरुजी, झालं का तुमचं काम?" मला तिच्याकडे पाहवलें नाहीं. माझा पैसा मिळाला, पण त्या कचेरीवरून जातांना आजहि मी रस्त्याची दुसरी बाजू धरतों. शिडीच्या कोणत्या पायरीवर उभा आहेस असें त्या दिवशीं कोणीं विचारलें असतें, तर मी एक पायरी खालीं उतरलों होतों असेंच सांगितलें असतें.

तो मालमोटारवाल्याचा मुलगा आतां चाळिशी ओलांडून गेला असेल. तो हें ऐकत असेल तर त्याला सांगतों: बाळ, तुझा प्रश्न चांगला होता, आणि माझें उत्तर अपुरें होतें. नाक्यावर जी जकात बुडाली ती आपल्या नगरपालिकेची होती. आपली शाळा तिच्याच पैशावर चालत होती. वाईट कोणाचें झालें, असें तूं मला विचारलेंस त्या वेळीं तूं गळक्या छपराखालीं, एका बांकावर पांचवा म्हणून बसला होतास.